तीन नंबरची बाटली

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना सगळे ‘चकाचक’ म्हणत. नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलं होतं. डाग दिसला की बाईंचे हात शिवशिवायचे. वीस वर्षांत हजारो बाटल्या धुतल्या, पण एक नको ती धुतली. म्हणतात ना, अति तिथे माती.

तेव्हा वरच्या वॉर्डात शिंपीकाका होते. साखरेचा आजार, पायाला जखम, आणि जखमेतले जंतू असले निगरगट्ट की कुठल्याच औषधाला दाद देईनात. डॉक्टर पाय कापायच्या गोष्टी करू लागले. प्रयोगशाळेच्या मॅडम मात्र हट्टाला पेटल्या. "जंतूंना खाणारे विषाणू असतात, मावशी. माणसाच्या वाटेला जात नाहीत. जिथे जंतू, तिथेच ते सापडतात. काट्याने काटा काढायचा!" त्यांनी परवानग्या मिळवल्या आणि चार ठिकाणचं घाण पाणी चार बाटल्यांत भरून आणलं. तीन नंबरची बाटली वॉर्डामागच्या गटाराची होती.

मावशींना तिचा वास आला. नाक मुरडून त्यांनी पाणी मोरीत ओतलं, बाटली उकळत्या पाण्याने खंगाळलीसुद्धा. निथळत ठेवताना मागची चिठ्ठी दिसली: ‘हात लावू नये.’

आता सरळ जाऊन सांगावं की नाही? छे! वीस वर्षांचं नाव जाईल ना! बाईंनी नळाचं पाणी भरलं, कुंडीतली चिमूटभर माती त्यात ढवळली आणि बूच लावून बाटली जागेवर ठेवली.

मॅडमनी काकांच्या जखमेतले जंतू काचेच्या बशांत वाढवले आणि वर चारही बाटल्यांतल्या गाळलेल्या पाण्याचे थेंब सोडले. जंतूंच्या सायीला भोक पडलं, तर खाणारा सापडला. साय जशीच्या तशी. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

"तीन नंबरमध्ये मिळेल अशी खात्री होती हो," मॅडम म्हणाल्या. मावशी खाली मान घालून टेबल पुसत राहिल्या. खाई त्याला खवखवे.

चौथ्या दिवशी त्या रिकाम्या बाटल्या आणायला वॉर्डात गेल्या. काका पलंगावर बसले होते. "काय हो चकाचक, एवढ्या टापटिपीच्या तुम्ही, आणि कोटाचा खिसा लोंबतोय? द्या इकडे!" सुईदोरा उशाखालीच होता. बोलता बोलता त्यांनी खिसा शिवला. दोरा दाताने तोडत म्हणाले, "पाय राहिला तर मशीनवर पक्का करून देईन. आज अंगठा काळा पडलाय म्हणतात."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तडक मागच्या गटारावर गेल्या, स्वतः बाटली भरली आणि मॅडमसमोर ठेवून सगळं ओकून टाकलं. मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली.

"चार दिवस, मावशी! चार दिवस!"

त्यांनी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. पण त्या बाटली घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बशीत ठिकठिकाणी भोकं होती. मावशी तिथेच पदर तोंडाला लावून रडल्या. त्या पाण्यापासून शुद्ध औषध तयार व्हायला दोन दिवस लागले. तोवर काकांचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. मग औषध जखमेत सोडलं आणि हळूहळू जखम भरू लागली. पाय वाचला.

मॅडमनी वॉर्डात फक्त अर्धीच गोष्ट सांगितली. काकांनी मावशींना हातच जोडले. "तुम्ही गटारात हात घातलात, म्हणून माझा पाय राहिला!"

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पण ते जोडलेले हात त्यांना सोसवेनात. उभ्या उभ्याच त्यांनी बाटली, नळ, माती सगळं सांगितलं.

काका पट्टी बांधलेल्या पावलाकडे बघत राहिले. "किती दिवस गेले?"

"चार."

"अंगठा चौथ्या दिवशीच काळा पडला होता. पायाने चालवायचं मशीन थांबवायला अंगठ्याचाच दाब लागतो हो."

मावशींचा हात शिवलेल्या खिशाकडे गेला.

"सांगितलंत ते बरं केलंत," काका म्हणाले. "पण आज समोर थांबू नका."

मावशी जिना उतरून खाली आल्या. मोरीत बाटल्यांचा ढीग साचला होता. त्या दिवशी त्यातली एकही धुतली गेली नाही.