कुप्याचा जपानी भात आणि आईचा दुखवटा

पाच महिने आमच्या घरात कुणी मासे खाल्ले नव्हते. मालवणकडच्या घरात पाच महिने मासे नाहीत म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांना लगेच कळेल. बाकीच्यांना एवढंच सांगते की जेवण होत होतं, पण कुणी जेवलंय असं वाटत नव्हतं.

सप्टेंबरात माझे बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणून स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला गेले, मला म्हणाले, "तू कशाला येतेस, परीक्षा आहे ना, बस अभ्यासाला." मी बसले. तिसऱ्या दिवशी संपलंच सगळं. आम्ही त्यांना घेऊन गावी गेलो, तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी परत मस्कतला, आमच्या फ्लॅटवर, कारण आमचे व्हिसा बाबांच्या कंपनीवर होते आणि ते बदलून आईच्या नोकरीवर घ्यायचे होते. आई अल् खुवैरला एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. मग फोटो, मेडिकल, फॉर्म, शिक्के, या काऊंटरवरून त्या काऊंटरवर. रडायला पण नंबर लावावा लागेल असं वाटायचं.

आणि आईने मासे बंद केले. सांगून नाही केले. नुसती म्हणायची, "आज नको." पुढच्या शुक्रवारी पण आज नको. त्याच्या पुढच्या पण. "तुका खायचे तर बाहेर खा गो," म्हणायची आणि स्वतः वरणभात घेऊन बसायची, अर्धा ठेवून उठायची. ती इतकी बारीक झाली की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. मला बाकी काही नको होतं, खरंच सांगते. मला फक्त आईने एकदा मासा खाल्लेला बघायचा होता.

मी एकदा बांगड्याचं तिखलं करून बघितलं होतं. दारातूनच तिला तिरफळाचा वास आला आणि ती चप्पल न काढता गॅलरीत जाऊन उभी राहिली. ते अख्खं तिखलं मी शेजारच्या फ्लॅटमध्ये देऊन आले.

मग मला कळलं की प्रॉब्लेम माशाचा नाही, बाबांचा आहे. आमचं सार, आमचं तिखलं, तळलेली तुकडी, सगळ्यात बाबा आहेत. तर मला असं काहीतरी करायचं होतं ज्यात मासा आहे पण बाबा अजिबात नाहीत! आणि मी रात्रंदिवस फोनवर ते जपानी राइस बाउलचे व्हिडिओ बघत असते, म्हणजे खाली चिकट भात, वर परतलेला मासा, बाजूला काकडी, गाजर, कोबी, सगळं वेगवेगळं मांडलेलं. नारळ नाही, कोकम नाही, हळद पण नाही. आणि मासा कुठला? तर कुपा. ट्युना! आमच्या घरात कुपा कधीच आला नाही. बाबा म्हणायचे, "कुपो मांजरां पण वास घेवन सोडतत." म्हणजे हे एकदम सेफ होतं. इतकी खूष झाले होते मी, की मैत्रिणीला सात व्हॉइस नोट पाठवल्या.

शुक्रवारी आईला क्लिनिकमध्ये सकाळची शिफ्ट होती, दीडपर्यंत. ती गेली आणि मी बाबांची गाडी काढली. मला लायसन्स मिळून दोनच महिने झालेत. त्यांची सीट अजून मागेच होती, माझे पाय पोचेनात, म्हणून मी ती पुढे ओढली. ओढल्यावर वाटलं, अरे, आता ती परत कुठे होती ते कसं कळणार? पण झालं होतं करून.

घुब्राच्या किनाऱ्यावर सकाळी होड्या लागतात. बाबा आणि मी दर शुक्रवारी जायचो, ते भाव करायचे आणि मी गाडीत एसीत बसायचे. त्यांचा ठरलेला एक म्हातारा मासेवाला होता. त्याने आधी गाडी ओळखली, मग मला.

"बाबा किधर?"

मी म्हटलं, "इंडिया."

"छुट्टी?"

"हां. छुट्टी."

"कब वापस?"

मला काय सुचलं माहीत नाही, मी म्हटलं, "इन्शाल्ला, जल्दी." तो म्हणाला, "इन्शाल्ला, इन्शाल्ला," आणि सुरमई उचलून कल्ले उघडून लालभडक दाखवायला लागला, कारण बाबा नेहमी तीच घ्यायचे. मी ट्युनाकडे बोट दाखवलं तर त्याने मान हलवली. "बाबा ये नहीं खाता." मी म्हटलं, आज मेरे लिए. त्याने तुकडे करून दिले, वर एक तुकडा फुकट टाकला आणि म्हणाला, "बाबा को सलाम." मी "हो" म्हटलं. मराठीत. पटकन गाडीत येऊन बसले आणि पाच मिनिटं चावीच लावली नाही.

घरी आले आणि कामाला लागले. जपानी तांदूळ नव्हता, पण गावाहून निघताना बॅगेत कोंबलेला इंद्रायणी होता, तो चिकटच होतो, म्हणून तोच लावला, थोडा मऊ. त्यात व्हिनेगर, साखर, मीठ. व्हिडिओत एक गोडसर जपानी वाइन घालतात, ती इथे कुठून आणणार, मग साखर वाढवली. सोया सॉस, किसलेलं आलं, लसूण, त्यात कुप्याचे तुकडे अर्धा तास ठेवले आणि कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी परतले, आत नीट शिजू दिले, कारण आई कच्चा मासा बघून मला घराबाहेर काढेल. गाजराच्या काड्या, काकडीच्या चकत्या, कोबी एकदम बारीक, मटार उकडून. दोन मोठे वाडगे घेतले. आधी भात, मग हे सगळं कडेकडेने, आणि मध्ये पांढऱ्या भाताचा उंचवटा तसाच ठेवला आणि त्यावर काळे तीळ भुरभुरले. व्हिडिओत सगळे भुरभुरतात. काय सुंदर दिसत होतं! मी बारा फोटो काढले.

आई आली, हातपाय धुतले, टेबलाशी बसली. "काय गो ह्या?"

"जपानी आहे. आपलं काहीच नाही त्यात, म्हणजे मासा आहे, पण कुपा आहे, तू एक घास घे ना, प्लीज, फक्त एक."

ती हसत होती, म्हणजे हसायच्या बेतात होती, मी शपथेवर सांगते. तिने वाडगा जवळ ओढला आणि मग तिचा हात तिथेच राहिला.

"भातार काळे तीळ कोणी घातल्यान?"

"मीच. का?"

"कोणाच्या नावान?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "अगं नावाने काय, डेकोरेशन आहे." तिने वाडगा माझ्याकडे वळवला, आणि मग मला ते दिसलं. मऊ पांढऱ्या भाताचा उंचवटा आणि वर काळे तीळ. दहाव्याला नदीवर चुलत भावाने पानावर ठेवलेले पिंड असेच होते. मी तिथेच उभी होते. पण मी बघत नव्हते, मी माझ्या पायांकडे बघत होते पूर्ण वेळ.

मी घाबरून बोटाने तीळ काढायला लागले. इंद्रायणीचा चिकट भात तो, एक निघाला की दोन आत जायचे. "थांब, मी काढते, थांब ना, एक मिनिट." आई म्हणाली, "रवांदे गो." मी थांबले नाही. ती जोरात म्हणाली, "रवांदे म्हटलंय ना!" आणि वाडगा बाजूला सारला.

मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "किती दिवस असं करणार आहेस तू? तू खाल्लं नाहीस म्हणून बाबा परत येणारेत का?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझो दुखवटो कोणी काढलो?"

मला दुखवटा म्हणजे दुःख एवढंच माहीत होतं. तिने मराठी वर्गातल्या बाईंसारखं समजावून सांगितलं. तेराव्यानंतर बाहेरचं माणूस येतं, बहुतेक माहेरचं, ते सुतकातल्या माणसाला आग्रहाने माशाचा पहिला घास भरवतं आणि मग ते घर परत नेहमीचं खायला लागतं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, सोळाव्या दिवशी येणार होता, सामान पण आणून ठेवलं होतं. आम्ही चौदाव्या दिवशी विमानात बसलो होतो.

"मग मी भरवते ना."

"तू घरातली. घरातल्यान काढूचो नसता. तुझो पण खंय कोणी काढलो हा?"

हे मला आलंच नव्हतं डोक्यात. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये फिश फिंगर खात होते मजेत.

मी उठले आणि चप्पल न घालता वर धावले. वरच्या मजल्यावर काकू राहतात, नागपूरच्या, काका इंजिनिअर आहेत. बाबांच्या वेळी हॉस्पिटलमध्ये तिन्ही दिवस त्यांनीच आम्हाला डबा दिला होता. मी दारातच सगळं एका दमात सांगितलं, रडत. त्या म्हणाल्या, "हळू बोल बाई, काय सांगून राहिली तू, मले काहीच समजून नाही राहिलं." मी परत सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"आमच्यात हे पिंडं, दुखवटे काही करत नाहीत पोरी. आम्ही बौद्ध. चालंन का तुझ्या आईले?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

खाली आल्यावर त्यांनी आईलाच विचारलं, सरळ. "वहिनी, मी भरवलं तर चालंन का? मले तुमचं काही येत नाही. आणि मासा तर मले नावानंच नको वाटते, पण हातात धरतो."

आईने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाली, "तुम्ही बाहेरच्या ना?"

"बाहेरचीच. नागपूरची. याच्याहून बाहेरचं अजून कोण पायजे?"

आई हसली. खरंच हसली, नाकातून. मी कुकरमध्ये उरलेला, तीळ नसलेला भात एका रिकाम्या वाडग्यात काढला, वर कुप्याचा तुकडा ठेवला. मी घाईत जेवायच्या जपानी काड्या, चॉपस्टिक पण आणल्या होत्या, काकूंनी त्या बाजूला सारल्या, हात धुतला, भातात मासा कुस्करला आणि तोंड जरा लांब ठेवून घास आईपुढे धरला. "घ्या वहिनी. घ्या आता. पोरगी किती दिवस मागे लागून राहिली."

आईने तोंड उघडलं.

तिने तो घास खूप वेळ चावला. मी तिच्या घशाकडे बघत होते. गिळला. पाच महिने मी ह्याची वाट बघत होते आणि मला वाटलं होतं मी ओरडेन, नाचेन, मैत्रिणीला फोन करेन. आई म्हणाली, "झाला," आणि रडायला लागली. हॉस्पिटलमध्ये, गावाला, नदीवर, विमानात, कुठेच ती अशी रडली नव्हती. तिथे ती लोकांचं चहापाणी बघत होती, पासपोर्ट सांभाळत होती. आता ती टेबलाला धरून रडत होती आणि काकूंच्या हाताला अजून भात लागलेला, त्या तसाच हात तिच्या पाठीवर ठेवू की नको करत होत्या. मग ठेवलाच.

"आता तेंच्यासाठी करूचा काय्येक उरला नाय," आई म्हणाली. "येवढाच रवलेला. ता पण झाला."

तेव्हा मला कळलं की ती मासे का टाळत होती. मामाला ती कधीही बोलावू शकली असती, तिकीट काढून, नाहीतर कुणालाही, काकू तर एका जिन्यावर होत्या. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांचं एक काम बाकी होतं आणि ते तिने जपून ठेवलं होतं. मी ते आज शुक्रवारी दुपारी सोया सॉसमध्ये परतून संपवून टाकलं.

काकूंनी मलाही एक घास भरवला. मी गिळला, चव कळली नाही. त्या म्हणाल्या, "आता दोघी नीट जेवा," आणि हात धुवायला गेल्या.

आई जेवायला लागली. रडत होती आणि जेवत होती, हाताने, मोठे घास घेत, कोबी, गाजर, सगळं एकत्र करून. मी माझ्या वाटणीचा मासा तिला वाढला. तोही तिने खाल्ला. मी विचारत होते, "अजून देऊ? भात देऊ? मटार हवेत?" आणि ती प्रत्येक वेळी मान हलवून हो म्हणत होती, आणि मी वाढत होते.