कोपरे बांधणारी अक्का

"थांब, कोपरा बगू दे."

कुणाच्याही घरी गेली की अक्का बसण्याआधी टेबलाचे, पाटाचे, खाटेचे कोपरे तळव्यानं चाचपायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिची सवय आपण हसण्यावारी नेतो. मीही नेली होती.

सत्तरच्या दशकात करमाळ्याकडच्या खेड्यातून मी सोलापूरला कॉलेजात आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अक्काच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली, जेवणही तिच्याकडेच. ती चादरीच्या कारखान्यात काठ शिवायची. तिथून वाया गेलेल्या पट्ट्या आणायची आणि घरातला प्रत्येक कोपरा गुंडाळायची. माझ्या टेबलाचेही चारही कोपरे तिनं बांधले होते.

कारण होतं तिचा धाकटा भाऊ. त्याला जरा खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही. गुडघे आतल्या आत रक्त साचून सुजायचे. त्यांचा मामा याच दुखण्यानं लहानपणी गेला होता. आई-वडील वारल्यावर भावाचं सगळं अक्काच पाही.

"एक दिवस अक्का मलाच गुंडाळून ठेवणार," तो म्हणायचा.

"ठेवीन की. तोंडाला दोन पट्ट्या जास्त."

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिला मोहोळचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. अक्काला पसंत होता, हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. एक दिवस मेथी निवडता निवडता तिनं मला विचारलं, "तुज्या पुस्तकात ह्या दुखण्याचं काय लिवलंय रं? माज्या पोरांना हुईल का?"

मला केवढा अभिमान वाटला. तिच्या भाकरीवर मी शिकत होतो. आता ते शिक्षण तिच्या कामी येणार होतं. वहीचा कागद फाडून मी तिच्या घराण्याचा तक्ता काढला. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. मामाचा आणि भावाचा चौकोन काळा केला, आईचा गोल अर्धा काळा. अक्काच्या गोलात प्रश्नचिन्ह.

"दोष आईकडून येतो, आजार मुलाला होतो," मी म्हणालो. "तुझ्यात तो असेल किंवा नसेल. निम्मं-निम्मं."

"तपासून कळतंय का?"

"इथं तरी नाही. मुलगा आजारी निघाला तरच कळेल."

"मंजी माज्यात काय हाय ते लेकराच्या रगतानं सांगायचं."

पाठ केलेला धडा मी पुरा केला. "लग्नच केलं नाहीस, तर हा आजार तुमच्या घरात इथंच थांबेल."

खाटेवरून भाऊ म्हणाला, "आईला हे कुणी आदी सांगितलं आसतं, तर मी बी थांबलो आसतो की."

तो हसत होता. अक्का हसली नाही. "तू गप," एवढंच म्हणाली आणि कागदाची घडी करून तिनं डब्यात ठेवली.

हो म्हणावं तर लेकराच्या जिवाशी खेळ. नाही म्हणावं तर भावाला, तू जन्मायलाच नको होतास, असं तोंडावर सांगितल्यासारखं. महिनाभर ती घरात कोंडल्यासारखी वावरत होती. शेवटी नकार गेला.

"लई लांब पडतंय," तिनं सगळ्यांना सांगितलं. "ह्याला कोण बगंल?"

मोहोळ सोलापूरपासून एस.टी.नं तासाभरावर, ते तुम्हाला ठाऊक असेल. भावालाही ठाऊक होतं. पट्ट्यांवरून तो पुन्हा कधी बोलला नाही.

मी नोकरीला परगावी गेलो. भाऊ तिशीच्या आत गेला. त्यानंतरही अक्का कोपरे बांधत राहिली.

ती गेल्यावर शेजाऱ्यांनी तो डबा माझ्या हाती दिला. आत माझा कागद होता, घडीवर विरलेला. प्रश्नचिन्हाच्या गोलाखाली तिनं पेन्सिलीनं एक लहानसा चौकोन काढला होता. आतून कोरा. आणि त्याचे चारही कोपरे गिरवून गिरवून गोल केले होते.