गोष्टीतला भाऊ आणि आमचे अण्णा

नोकरीसाठी मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर आई होती, धाकटी मंगल होती, दोन्ही चुलत्या होत्या. अण्णा नव्हते. आदल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "जायचं तर जा." परभणीहून पुण्याला जाणारी एसटी आली, आईनं पिशवी वर दिली आणि मी खिडकीतून शेताच्या वाटेकडे बघत राहिले. कुणी आलं नाही. पोरगी एकटी नोकरीला निघाली म्हणून वडिलांना माझी लाज वाटते, हे मी त्याच सीटवर पक्कं करून टाकलं.

भोसरीत खोली मिळाली आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचं काम. पार्टला गेज लावायचा. मापात बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट. कामात ते बरोबरच आहे, पण हळूहळू मी माणसांनाही तसाच गेज लावायला लागले. अण्णा तर केव्हाच रिजेक्ट झाले होते. दोन वर्षं फोनवर आमचं बोलणं तब्येत आणि पाऊसपाण्यापुरतंच.

माझी रूममेट शुभदा, चिपळूणकडची. तिनं एका रविवारी मला पिंपळे सौदागरला नेलं. तिथल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये एक निवृत्त शिक्षिका दुपारी कथा वाचायला देतात किंवा सिनेमा दाखवतात आणि मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. खरं सांगते, मी गेले ते तिथं एसी आहे म्हणून.

त्या दिवशीच्या सिनेमात एक भाऊ बहिणीच्या लग्नात मांडवात येत नाही. बोलायची माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "तो भाऊ दगड आहे. त्याला तिचं काही पडलेलं नाही."

बाईंनी विचारलं, "हे तुला पडद्यावर दिसलं, की तू येताना घेऊन आलीस?"

सगळे हसले. मला राग आला. मग बाईंनी तो भाग पुन्हा लावला. मांडवाच्या मागे तोच भाऊ पंगती उठेपर्यंत आचाऱ्याला पाणी आणून देत होता. मी टक लावून सिनेमा बघितला होता आणि तरी मला तो दिसला नव्हता.

पुढचा रविवार मी चुकवला नाही. माणूस काय बोलतो याबरोबर तो काय करतो हे बघायला, आणि आपलं मत कुठून आलं हे तपासायला मी तिथं शिकले. बऱ्याच दिवसांनी बाईंना अण्णांचं सांगितलं. त्यांच्या मनात काय असेल याचे तीन-चार अंदाजही ऐकवले.

त्या म्हणाल्या, "पात्राला विचारता येत नाही, म्हणून आपण अंदाज बांधतो. वडील आहेत ना तुझे? विचार की."

दिवाळीत गेले तेव्हा अण्णा म्हशींना वैरण टाकत होते. मी मागे उभी राहून विचारलं, "अण्णा, मी गेले त्या दिवशी फाट्यावर का नाही आलात?"

त्यांनी वैरण सारखी केली. मग म्हणाले, "राग होता. लबाड कशाला बोलू. लोकांना काय सांगावं कळंना. पण आलो असतो तर थांब म्हणलो असतो, अन् तू थांबली असतीस."

म्हणजे माझं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. मी थांबले असते का? आज छातीठोकपणे सांगता येत नाही. मी एक पेंढी उचलली आणि दुसऱ्या म्हशीपुढं टाकली.  जेवताना मी सांगितलं, की हे विचारायला रविवारच्या बाईंनी सुचवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या बाई काय शिकवतात?"

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडं आलेल्यांनो, तुमच्याही मनात असा एखादा माणूस असेल, तर एकदा विचारून बघा. उत्तर गोड येईलच असं नाही. मला मात्र त्या बाईंचे आणि अण्णांचेही उपकार वाटतात.

हल्ली रविवारी संध्याकाळी मी फोनवर त्या दिवशीची गोष्ट घरी सांगते. फोन स्पीकरवर असतो. गेल्या वेळी कथेतल्या एका सुनेवरून आई आणि अण्णांचं इतकं जुंपलं, की मी जेवले का हे विचारायचंच राहून गेलं. मी भोसरीच्या खोलीत नुसती ऐकत बसले होते, आणि तरीही मी घरीच होते.