डब्लिनमधला दातांचा दवाखाना

मुरबाडजवळच्या आमच्या गावात माझा आजार फक्त आईला माहीत होता. शेजारणीला तिने थायरॉइड म्हणून सांगून टाकलं होतं. शेजारीण म्हणाली, थायरॉइडला कोबी चालत नाय. त्या दिवसापासून आमच्याकडे कोबी शिजला नाही. एचआयव्हीला कोबीचं वावडं नसतं, हे मी आईला सांगून थकलो. "तिला कोबीचा वास आला म्हंजे?" एवढंच ती म्हणायची.

मी कल्याणला हॉटेलात स्वयंपाकी होतो. आखातातली कामं पुष्कळ यायची, पण तिथे आधी रक्त तपासतात आणि माझ्यासारख्याला दारातूनच परत पाठवतात. मग आयर्लंडमधल्या एका हॉटेलात जमलं. तिथे तसली अट नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली, वर दमही भरला, "गोळ्या संपायची वाट बघू नका. पोचल्या पोचल्या तिथला दवाखाना गाठा."

निघायच्या दिवशी बॅगेचं वजन करताना बघतो तर गोळ्यांच्या बाटल्या गायब. आईने त्या तांदळाच्या पिठाच्या डब्यात पुरल्या होत्या.

"पिठात कोन हात घालतंय रं?"

"आये, परदेशात पांढऱ्या पिठात गोळ्या सापडल्या तर मला हॉटेलात नाय, तुरुंगात रांधायला लावतील!"

तिने बाटल्या पदराने पुसून दिल्या. पीठ मात्र घेऊनच जावं लागलं.

डब्लिनच्या दवाखान्यात फोन केला तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, या उपचारांना पैसे पडत नाहीत. माझं इंग्रजी चुकलं असेल म्हणून मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती हसली.

गेलो ते कानटोपी, मफलर, मास्क लावून. तिथे तसा बसलेला मी एकटाच, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत होते. तेवढ्यात आईचा फोन. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून म्हणालो, "नाय गो आये, आजून नंबर नाय आला!"

समोरच्या माणसाने झटकन मान वर केली. "मुरबाडकडचे का तुमी?"

"हो. तुमी?"

"शहापूर."

एरवी मी त्याला मिठीच मारली असती. पण इथे ओळख निघायला नको होती. मी गालावर हात ठेवला. "दात," म्हटलं.

"माजा बी दातच," तो म्हणाला, आणि त्यानेही गाल धरला. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर एचआयव्हीचं दाराएवढं मोठं पोस्टर होतं.

नर्सने त्याला आत बोलावलं. तो गाल धरून गेला आणि कोपराच्या घडीत कापूस दाबून बाहेर आला.

"दाताला हातातून रक्त काडतात इथं," तो म्हणाला.

"काडत असतील," मी म्हणालो.

मग आम्हाला असं हसू फुटलं की काउंटरवरची बाई उठून उभी राहिली. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. इथे येऊन त्याला चार वर्षं झाली होती आणि याबद्दल आपल्या भाषेत तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी माझी चिठ्ठी वाचली, झोप लागते का, जेवण जातं का विचारलं. हा आजार कसा झाला, ते विचारलंच नाही. त्याचं उत्तर मी वाटेत इंग्रजीत घोकून आलो होतो, ते फुकट गेलं. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, रक्तात विषाणू सापडत नाही, गोळ्या अशाच चालू ठेवा.

आईला कळवलं. "सापडत नाय म्हंजे गेला?"

"नाय. आहे, पन दिसत नाय."

"देवासारका?"

मी म्हटलं, तसंच समज.

शहापूरकर आता रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. आम्ही सुका बोंबील भाजतो. घरमालकीण थंडीतही सगळ्या खिडक्या उघडून, अंगावर कोट चढवून बसते.