ताईची क्रियापदं

आमची ताई वकील आहे, पण कोर्टात बोलायला उभी राहिली की तिची बोबडी वळते. म्हणून ती दुसऱ्या वकिलांचे युक्तिवाद इंग्रजीत लिहून देते. ते तिला ‘क्रियापदबाई’ म्हणतात. मराठीत पक्षकार काय नि कोर्ट काय, सगळे नुसतं ‘म्हणतात’. ताईच्या कागदावर पक्षकार ‘आर्ग्यू’ करतो, कोर्ट ‘होल्ड’ करतं, म्हणजे निर्णय देतं, आणि कोर्टाला काही ‘वाटलं’ असं कुणी लिहिलं की तिच्या कपाळाला आठी पडते.

आमच्या धाकट्या बहिणीच्या घटस्फोटात लेक कुणाकडे राहणार याचा खटला उभा राहिला, तेव्हा लिहायला अर्थातच ताई बसली. सुनावणीच्या सकाळी मी कागद वाचले आणि माझं डोकंच फिरलं.

एका संध्याकाळी पोरीला सांभाळायची पाळी नवऱ्याची होती. तो आलाच नाही. धाकटी पोरीला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामावर गेली. वकिलांनी तिथे ‘एक्स्प्लेन्स’ लिहिलं होतं, म्हणजे ती खुलासा करते. ताईने ते खोडून ‘ॲडमिट्स’ केलं होतं. कबूल करते! आणि पाळी ठरलीच नव्हती, ही नवऱ्याची धडधडीत थाप. तिथलं ‘क्लेम्स’, म्हणजे नुसता दावा करतो, ते काढून साधं ‘सेज’, सांगतो.

“तू कुणाच्या बाजूची गं?” मी ओरडलो. “पोर हातची गेली म्हणजे?”

ताईने पेनाला टोपण लावलं. “गेली तर मला बोल लाव. पण कुलपाचे खुलासे देत बसलो, तर आपलं खरंही खोटं वाटेल रे. आणि ‘क्लेम्स’मध्ये नुसता आपला राग दिसतो. तो खोटारडा आहे हे न्यायाधीशांना ठरवू दे.”

“राहू दे, दादा,” धाकटी मान खाली घालून म्हणाली. “लावलं होतं मी कुलूप.”

न्यायाधीशबाई नेमक्या त्याच ओळीवर थांबल्या. “कुलूप लावलं होतं?”

“हो.” धाकटीचा आवाज जेमतेम फुटला.

“आणि तुमची पाळी ठरली नव्हती?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो खुलासा करू लागला, आणि करतच राहिला.

निकालाची प्रत हातात आली तेव्हा ताईने आधी ते पान शोधलं. धाकटीपुढे न्यायाधीशबाईंनी ‘ॲडमिट्स’ लिहिलं होतं. नवऱ्यापुढे ‘क्लेम्स’.

ताई तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. पोर आईकडेच राहणार, हे शेवटच्या पानावरचं वाक्य मलाच मोठ्याने वाचावं लागलं.