एका ओळीचा बदल

श्रूजबरी या इंग्लिश गावातल्या घरात बसून मी एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते. किनाऱ्यावरच्या एका गावात दर मोठ्या भरतीला समुद्र रस्त्यावर येऊ लागला. आमचा हवामानतज्ज्ञ मीटिंगमध्ये म्हणाला, "हे पाणी आता मागे फिरणार नाही." मग त्या गावातल्या घरांचे विमे बंद करायचं काम माझ्याकडे आलं. कोडमध्ये एका ओळीचा बदल होता. जेवणाआधी झालासुद्धा.

पुढच्या आठवड्यात ग्राहकांच्या कॉलची रेकॉर्डिंग तपासताना त्याच गावातल्या एका म्हातारीचा आवाज ऐकला. ती भांडली नाही. एवढंच विचारत होती, "मग आम्ही जायचं कुठे?"

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावलं. नवऱ्याने विचारलं, "कोण गं ही?" मी हेडफोन लावले.

नोकरी मी सोडली नाही. त्यानंतर आणखी तीन गावं बंद केली. दर वेळी ओळ बदलण्याआधी तिचा आवाज येतो.