रिकामा दिसणारा बाजार

रोह्याच्या एसटी स्टँडवर मी पेणच्या गाडीची वाट बघत होते, अरुणदादासाठी केलेल्या वालाच्या बिरड्याचा डबा हातात, आणि शालनवहिनीचा फोन आला. "वन्सं, हे गेले..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. अरुणदादा माझा मावसभाऊ. बिरडं खावं तर मंदाच्या हातचं, असं बायकोसमोर मुद्दाम म्हणायचा, चावट कुठला!

त्याने काढलेले फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, त्यात माणूस नसायचा. नागोठण्याकडच्या कंपनीच्या चिमण्या धुक्यात अर्ध्या बुडालेल्या, कुंडलिका नदीचा घाट ढगांखाली काळवंडलेला, पेणचा बाजार भरदिवसा ओसाड. मला पहिल्यापासून एकच कोडं. त्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, मग माणसं गेली कुठे? एकदा विचारलंच. म्हणाला, "सगळी तिथेच आहेत. भिंगावर काळी काच लावायची आणि कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवायचा. चालता माणूस उमटतच नाही. थांबला की उमटतो." मला काही केल्या पटेना, म्हणून गणपतीच्या आधी मला हमरापूरला घेऊन गेला. मूर्ती बघायला आलेल्यांची ही झुंबड, कोणाचा पाय कोणाच्या पायावर. फोटो आला तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसते बिनरंगाचे गणपती ओळीने वाळत बसलेले. खरं सांगते, अंगावर काटा आला.

पण आपल्याकडच्या माणसांना खोड केवढी! कॅमेरा दिसला की थांबतात. कोणी बिचारं फोटोच्या आड नको म्हणून थांबतं, कोणी शर्टाची बटणं लावून ताठ उभं राहतं. बाकीचे फोटोवाले "हलू नका" म्हणतात, हा ओरडायचा, "चालत राहा हो, थांबू नका!" मिठागरावरची माणसं एकमेकांना विचारायची, "याला येड लागलंय काय?" शेवटी ते काम वहिनीच्या गळ्यात पडलं. ती खाडीकाठच्याच गावातली, सगळ्यांच्या ओळखीची. गप्पा मारत मारत ती माणसांना फिरवत ठेवायची. आणि तीच जरा टेकली की दादा तिच्यावर खेकसायचा, फोटो बाद करायचा आणि दिवसभर तोंड फुगवून बसायचा.

एवढं राबून वहिनी मात्र कुठल्याच फोटोत नाही. "लग्नातला सोडला तर माझा फोटोच नाय ह्या घरात," ती म्हणायची. आधी हसून, मग न हसता. पुढे तिने त्याचे फोटो बघणंच सोडलं. मी दादाला एकदा चांगलंच झापलं, "अरे, बायकोचा एक साधा फोटो काढायला काय होतं तुला?" तर म्हणे, "माणसांचे मला जमत नाहीत गो, मंदे." हे काय उत्तर झालं? मला तेव्हा राग आला होता आणि परवापर्यंत तो गेला नव्हता.

परवा म्हणजे त्याचे मित्र रोह्यात प्रदर्शन मांडताहेत, त्यासाठी फोटो निवडायला मी पेणला गेले तेव्हा. निवडायचं काम माझं होतं, वहिनीला वेगळंच हवं होतं. "वन्सं, मी एका तरी फोटोत सापडते काय बघा. कोपऱ्यात असेन, पाठमोरी असेन... ह्यांना माझं काय वाटत होतं, ते आता कुणाला इचारू?" एकेक फोटो खिडकीशी धरून आम्ही बघत होतो. हा नाय. हाही नाय. तिचा चेहरा उतरत चालला आणि माझा जीव तुटायला लागला.

मग अलीकडचा एक फोटो हाती आला, धुक्यातला मिठागराचा बांध. हा माझ्या ओळखीचा. बांधावर डावीकडे एक राखाडी डाग आहे आणि त्यावरून मी दादाशी हुज्जत घातली होती. तारेवर कावळा बसला म्हणून फोटो फेकून देणारा हा माणूस, आणि असला डाग ठेवतो? "पुसून टाक की कॉम्प्युटरवर!" म्हटलं, तर "राहू दे" एवढंच बोलला. का, ते मला समजलं नव्हतं. फोटो बिघडलेलाच, म्हणून मी बाजूला ठेवायला गेले तर वहिनीने माझं मनगट धरलं.

"थांबा गो, वन्सं."

तिने चष्मा पदराने पुसला आणि फोटो अगदी डोळ्यांजवळ नेला. "माझा गुडघा धरला होता त्या दिवशी. पाऊलच उचलेना. कमरेवर हात ठेवून उभी रायले. म्हटलं, आता ओरडतील..." तिचं बोट त्या डागावर होतं. आता मलाही दिसलं, वाकलेलं कोपर, पदराचं टोक. "ओरडले नायत हो. कॅमेरा पण बंद केला नाय. मला बरं वाटेपर्यंत नुसते बघत रायले."

मला रडू आवरेना. डोळे पुसत म्हटलं, "वहिनी, हाच लावूया सगळ्यांत पुढे."

"नाय," तिने फोटो पदराखाली घेतला. "हा लोकांना नाय दाखवायचा."